सही विशाखाची

३ फेब्रुवारी, सोमवार

विशाखाला नवी खुर्ची आली. चाकांची, पाठ टेकायची. नऊ वर्षं स्टुलावर बसून मायक्रोस्कोपात डोळे घालते मी — आणि खुर्ची तिला! कंबर दुखते म्हणे. आमची काय लाकडाची आहे?

आज थुंकीच्या बेचाळीस स्लाइडी पाहिल्या. चारांत टीबी सापडला. निगेटिव्ह असेल तर रजिस्टरात निळ्या पेननं, सापडलं तर लाल पेननं लिहायचं. दोन्ही पेनं कायम माझ्या खिशात. मग रजिस्टर विशाखापुढे. तिनं ओळीनं ‘तपासले’ लिहून सह्या केल्या, सोयगावच्या आईशी फोनवर बोलत बोलत. एक स्लाइड पाहिली नाही. ती कायम, मी कंत्राटी कंपनीची ना! कंपनीच्या माणसाची सही रिपोर्टवर चालत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

विधिमंडळाची समिती येतेय. विद्यापीठाच्या या हॉस्पिटलात कुठली कुठली कामं कंपन्यांना दिली, मग कायम माणसं करतात काय, हे आमदार स्वतः येऊन विचारणार. चांदपाशा आमच्या लॅबचा शिपाई. त्याला सगळं सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणाला, "बाई, तुमारा नसीब खुल्या समझो. कंत्राटवाले लोगां परमनंट होते बोल रै."

कंपनीचं कंत्राट मार्चअखेर संपतं. नवी कंपनी मला ठेवील की नाही, कुणी सांगत नाही. जूनमध्ये वयाची अट ओलांडते. कायम व्हायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विशाखा नि मी एका बाकावर शिकलो. माझ्या वह्या उतरवून पास झाली ती. भरतीच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले. दोन! तेवढ्यावर तिला आवारात क्वार्टर, गळ्यात सरकारी ओळखपत्र. मी रोज लासूर स्टेशनहून येणार आणि पाठीवर कंपनीचं नाव मिरवणार.

आज म्हणाली, "अपे, लई वाळलीस गं. माझ्याकडं जेवून जात जा." तिचं चांगलं वागणंसुद्धा मला सोसत नाही. खरं लिहायला काय जातंय? जळते मी तिच्यावर.

१० फेब्रुवारी, सोमवार

समितीसाठी पेटी ठेवलीय, दवाखान्याच्या दारात. कुणीही निवेदन टाकावं. गाडीत मांडीवर कागद घेऊन भराभर लिहिलं. ‘विशाखा स्लाइड न पाहता सह्या करते. सगळं काम कंत्राटी बाई करते.’ खाली नाव नाही. यात खोटं एक अक्षर नाही! तरी पेटीत टाकताना चोरासारखं इकडं तिकडं पाहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिनं मेथीचे पराठे आणले होते. खाल्ले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

समिती आली. कायम लोक खुर्च्यांवर, आम्ही कंत्राटी भिंतीला लागून उभे. अध्यक्षांनी पेटीतला एक कागद उचलला आणि माझं पत्र मोठ्यानं वाचलं. मग त्यांनी कागद विशाखासमोर धरला. "तुमचं नाव तेवढं लाल शाईनं लिहिलंय. कुणाचा एवढा राग आहे तुमच्यावर?"

लाल! मला आठवेना मी पेन कधी बदललं. हात सवयीनं गेला असणार — सापडलं की लाल.

विशाखानं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. म्हणाली, "अक्षर ओळखू येत नाही साहेब." मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी रागही आला. नऊ वर्षं रोज माझं रजिस्टर तिच्यापुढे उघडं असतं. माझं अक्षरसुद्धा ठाऊक नाही हिला! बघितलं असेल तर ना.

मग ती म्हणाली, "पण लिहिलंय ते खरं आहे. स्लाइडी अपेक्षा वाचते. नऊ वर्षांत तिची एक चूक निघाली नाही, म्हणून मी डोळे झाकून सही करते. जागेवर हक्क तिचा आहे, तिला कायम करा." सगळे आमदार तिच्याकडे बघत राहिले. कबुलीसुद्धा अशी दिली की कौतुक तिचंच झालं. मी भिंतीशी उभी ती उभीच. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्तावन्न स्लाइडी. आज तिनं एकही सही केली नाही. माझ्याशी बोललीही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विशाखाला नोटीस आली, सोबत त्या पत्राची झेरॉक्स. बदली विद्यापीठाच्या लातूरकडच्या केंद्रावर. क्वार्टर शनिवारपर्यंत सोडायचं. मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे तिच्या. हे पत्र लिहिताना माझ्या डोक्यातही नव्हतं.

समितीनं जुन्या कंत्राटींना कायम करायची शिफारस केलीय. यादीत पहिलं नाव माझं! चांदपाशा म्हणाला, "मॅडमने गवाही दी ना, उसके वास्ते." म्हणजे हेही तिच्याच उपकारानं. माझी नऊ वर्षं गेली कुठं?

३ मार्च, सोमवार

विशाखा गेली. न सांगता. चांदपाशानं तिच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तुमकूच देना बोले मॅडम."

कपाटात एकच कागद होता, माझ्या पत्राची झेरॉक्स. झेरॉक्समध्ये लाल अक्षरं काळी आली होती. तिनं स्वतःच्या नावावरून पुन्हा लाल पेन फिरवलं होतं. खाली नेहमीसारखं ‘तपासले’ आणि सही.

या वेळी वाचून केली होती.