मागच्या डाव्या दांड्याची जागा

प्रति,
मा. वर्गीकरण अधिकारी,
व्यवसाय पुनर्वसन कार्यालय,
दुसरा मजला.

अर्जदार: सेवा इमारतीतील सलूनच्या मयत गाळेधारकाची पत्नी.

विषय: सलूनचा गाळा रद्द न करणेबाबत, तसेच मयत गाळेधारक मृत्यूसमयी कोणत्या व्यवसायात होते याचा खुलासा सादर करणेबाबत.

संदर्भ:
१. गाळा रद्द करण्याची आपली नोटीस.
२. मयतास समक्ष हजर राहण्याविषयी आपले स्मरणपत्र.
३. आपल्या कार्यालयातील लिपिकसाहेबांनी जिन्यात दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, संदर्भ क्र. २ अन्वये अर्जदाराच्या पतीस ओळखपत्रासह आपल्यासमोर हजर होऊन खुलासा करण्यास फर्मावले आहे. ते हजर होऊ शकत नाहीत. हयात असते तर नक्की आले असते. बोलावले आणि गेले नाहीत, असे त्यांच्या हातून आयुष्यात घडले नाही, आणि त्यापायीच आजची वेळ आली आहे. सबब त्यांच्या वतीने अर्जदार खुलासा करीत आहे.

२. जुनी गल्ली पाडण्यापूर्वी आपण स्वतः पाहणीस आला होतात व भट्टीसमोरच्या बाकावर बसून पाणी प्यायला होतात, हे आपणास स्मरत असेल. भट्टीला लागून लेथवाला, त्याच्या पुढे खोकी ठोकणारा सुतार, समोर घड्याळजी, चहावाली मावशी आणि आमचे सलून, अशी ती गल्ली होती. भट्टीत पंपांचे पितळी भाग ओतले जात. भट्टीवाले हे अर्जदाराचे नात्याने कोणी लागत नाहीत. परंतु लग्न होऊन आल्या दिवसापासून अर्जदार त्यांना भाऊजी म्हणते, आणि या अर्जातही तसेच म्हणेल.

३. पितळाचा रस तयार झाला की मूस, म्हणजे ज्या भांड्यात तो वितळवतात ते भांडे, भट्टीतून उचलून साच्यांवर न्यावी लागते. पुढे दोन व मागे दोन लांब दांडे असलेल्या पकडीत धरून ती चौघांनी उचलायची, पाचव्याने वर तरंगणारी मळी अडवायची आणि सहाव्याने वाट मोकळी ठेवायची. हे काम आठवड्यातून एकदा, तेही अर्धा तास. अर्ध्या तासासाठी सहा माणसे पगारावर ठेवणारा भट्टीवाला अर्जदाराने अद्याप पाहिलेला नाही. म्हणून भट्टीच्या दारात साखळीने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. त्यावर हातोडा पडला की ज्याने त्याने हातचे काम टाकून धावायचे. रस थांबत नाही. उशीर झाला की सगळी मेहनत मातीत जाते.

प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पुढचा डावा दांडा भाऊजींचा, पुढचा उजवा लेथवाल्याचा, मागचा उजवा सुताराचा आणि मागचा डावा आमच्या यांचा. घड्याळजी मळी अडवीत, कारण त्यांचा हात हलत नसे. चहावाली मावशी पोरांना आणि कुत्र्यांना एकाच शिवीने हाकलून वाट मोकळी ठेवी. मूस उचलली की हे मागून लेथवाल्याला म्हणत, "हळू चाल रे बाबा, तुझं डोकं माझ्या ताब्यात आहे. रविवारी भादरीन." दर आठवड्याला हाच विनोद, आणि दर आठवड्याला लेथवाला हसे. या कामाची मजुरी कोणी मागितली नाही. सलूनच्या खुर्चीचा पाय मोडला तेव्हा तो भाऊजींनी ओतून दिला, लेथवाल्याने त्याला आटे पाडले, आणि त्या बदल्यात काय दिले हे कोणाच्याच लक्षात नाही.

४. पुढे आपल्या कार्यालयाने गल्लीचे वर्गीकरण केले. भट्टी आणि लेथ उत्पादनात गेले. सुतार खोकी बनवतो म्हणून उत्पादनात, पण तीच विकतो म्हणून व्यापारात, असा वाद बरेच दिवस चालून अखेरीस त्यास व्यापार इमारत मिळाली. घड्याळजी आणि सलून सेवेत आले. चहावाली मावशी शिजवते, विकते आणि वाढतेही, त्यामुळे ती कोठेच बसली नाही. ती आता कोठे बसते हे आम्हांसही माहीत नाही. सेवा इमारत आणि उत्पादनाच्या शेड यांच्यामध्ये मोकळे मैदान व वाहता रस्ता आहे. वर्गीकरण चुकीचे झाले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. कागदावर ते नीटनेटकेच दिसते.

५. रूळ मात्र भाऊजींनी सोबत नेला. नव्या जागेतून आवाज पोचतो का, हे पाहण्यासाठी पहिल्या दिवशी त्यांनी तो उगाचच वाजवला, आणि यांनी सलूनच्या दारातून टॉवेल हलवून पोचल्याचे कळवले. दोघेही पन्नाशीला टेकलेले, पण त्या दिवशी शाळेतल्या पोरांसारखे खूश होते.

६. उत्पादन गटातील प्रत्येक शेडमध्ये आगप्रतिबंधक पाण्याचा हौद असलाच पाहिजे, असा आपला नियम आहे. भाऊजींच्या शेडमध्ये तो भट्टीच्या डाव्या अंगाला, मागे, घोट्याइतक्या उंचीच्या कठड्याचा बांधून मिळाला. वितळलेले पितळ पाण्यात पडले की स्फोट होतो, तेव्हा पाणी नको, त्याऐवजी वाळू ठेवू द्या, असा अर्ज भाऊजींनी केला होता. वाळू हे बांधकाम साहित्य असून त्याचा साठा उत्पादन गटात करता येणार नाही, असे उत्तर आले.

७. नव्या शेडमध्ये पहिल्यांदाच रस ओतायचा होता, त्या घटनेच्या दिवशी सकाळी हे एका मास्तरांची दाढी करीत होते. रूळ वाजला. "मास्तर, हलू नका, आलोच," एवढे म्हणून हे निघाले. पूर्वी दारातून उडी मारली की भट्टी. आता मैदान, मग रस्ता. रस थांबत नाही म्हणून धावले, आणि धावण्याच्या घाईत भट्टीसाठीचे जाड बूट दाराआड तसेच राहिले. पायांत चपला होत्या. जुन्या भट्टीत मागचा डावा दांडा धरणाऱ्याच्या पाठीशी परसाचे दार असे. मूस उचलली की त्याने दोन पावले मागे, त्या दाराकडे टाकायची आणि मग वळायचे. बावीस वर्षे न बघता हे तसेच वळले. त्या दिवशीही तसेच वळले. तिथे दार नव्हते, हौद होता.

टाच कठड्याला लागली, मूस कलली आणि रस पाण्यात गेला. पुढे काय झाले ते आपल्या पंचनाम्यात आहे. अर्जदार ते स्वतःच्या हाताने लिहू शकत नाही. भाऊजींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. छपराचा पत्रा रस्त्यावर सापडला. यांची ओळख अर्जदाराने सलूनच्या अॅप्रनवरून पटवली, तीही अॅप्रनचा खिसा अर्जदारानेच शिवला होता म्हणून. मास्तर बराच वेळ खुर्चीत बसून होते. अर्जदार परतली तेव्हा त्यांच्या गालावरचा फेस वाळला होता आणि ते रडत होते.

८. चौकशीत आपण विचारले, की सेवा गटातील इसम उत्पादन गटात कोणत्या नात्याने उपस्थित होता. आपल्या तक्त्यात मालक, कामगार, ग्राहक आणि विनापरवाना प्रवेश करणारा, असे चार प्रकार आहेत. आमचे हे पहिल्या तिघांपैकी कोणी नव्हते. म्हणून चौथे धरावे लागते, आणि तसे धरले की गाळेधारकाने विनापरवाना व्यवसाय बदलला असे होऊन गाळा जातो. त्या गाळ्यावर सासूबाई, दोन मुली व अर्जदार अशा चौघी जगतात.

९. आपले लिपिकसाहेब भले गृहस्थ आहेत. त्यांनी जिन्यात थांबवून सांगितले, "वहिनी, माझं ऐका. भट्टीवाल्याने कामावर ठेवलं होतं असं लिहून द्या. दोष त्याच्यावर जाईल, गाळा तुमच्याकडे राहील." त्यांनी तसा जबाब टाइप करूनही आणला होता, फक्त सहीची जागा कोरी होती. या सहीने भाऊजी नोंद न करता कामगार ठेवल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात जातील ना, असे अर्जदाराने विचारल्यावर ते म्हणाले, "तो तुमचा विषय नाही."

अर्जदार तो कागद घरी घेऊन गेली. खोटे कशाला बोला, त्या रात्री अर्जदाराच्या मनात सही करायचीच होती. सासूबाई म्हणाल्या, "कर सही. तो काही परत यायचा नाही, आणि पोरींना जेवायला लागतं." अर्जदार पेन घेऊन बसली आणि बसूनच राहिली. भाऊजी दवाखान्यातून सुटल्यावर आमच्याकडे आले होते. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, ते काय सांगतील ते लिहून द्या. मी बोलावलं म्हणून तो आला." आणि पाणीही न पिता गेले. त्यांच्या त्या परवानगीमुळेच सही होईना.

१०. सध्या अर्जदार त्याच गाळ्यात शिलाई मशीन चालवते. यासही आपल्या निरीक्षकांनी हरकत घेतली. अर्जदाराने चौकशी केली असता त्यांनी समजावून दिले, "नवं झबलं शिवलंत तर उत्पादन. फाटलेलं झबलं शिवलंत तर सेवा." तेव्हापासून अर्जदार फक्त फाटलेले शिवते. मागील महिन्यात एक बाई बाळंत मुलीच्या बाळासाठी झबल्याचे नवे कापड घेऊन आल्या होत्या. अर्जदाराने ते कापड आधी थोडे फाडून आणायला सांगितले. त्या हसल्या. त्यांना वाटले, थट्टा आहे.

११. आता जे लिहायचे ते अर्जदाराच्या अहिताचे आहे, हे अर्जदारास ठाऊक आहे.

चौकशीचा निर्णय होईपर्यंत भट्टी चालू ठेवण्यास आपण परवानगी दिलेली आहे. अर्धवट राहिलेले काम पुरे करण्यासाठी भाऊजींनी भट्टी पेटवली. हौदातले पाणी काढून लेथवाल्याने त्यात वाळू भरली आहे. हे नियमाविरुद्ध असून तेही आपण नोंदवून घ्यावे. काल सकाळी रूळ वाजला. त्या वेळी अर्जदार एका पँटची चेन बदलत होती, म्हणजे सेवेत होती. शेजारच्या गाळ्यातून घड्याळजी उठले आणि जाताना अर्जदाराच्या दारात क्षणभर थांबले. व्यापार इमारतीतून सुतार निघालेला दिसला. लेथवाला तिथेच होता. भाऊजींचा डावा हात चालतो. मागचा डावा दांडा धरायला कोणी नव्हते.

रूळ वाजतच राहिला. अर्जदाराने मशीन थांबवले. अर्जदार चपला शोधू लागली तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "चपला नकोत. त्याचे बूट घाल."

बूट मोठे होते. अर्जदार मैदान व रस्ता ओलांडून, गटाची हद्द मोडून, उत्पादनात शिरली आणि मागचा डावा दांडा धरला. मूस इतकी जड असते हे यांनी बावीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. ती उचलल्यावर लेथवाला मागे न वळता म्हणाला, "वहिनी, डोकं तुमच्या ताब्यात आहे." कोणी हसले नाही. अर्जदाराने आधी मागे पाहिले, मग पाऊल टाकले.

१२. सबब खुलासा असा, की अर्जदाराचे पती मृत्यूसमयी मालक, कामगार, ग्राहक किंवा विनापरवाना शिरलेले यांपैकी कोणीही नव्हते. ते शेजारी होते. हा प्रकार आपल्या तक्त्यात नाही आणि तो घालावा अशीही अर्जदाराची मागणी नाही. गाळा रद्द करू नये, एवढी विनंती आहे. करावयाचाच झाल्यास कारण मयताचे एकट्याचे न लिहिता अर्जदाराचेही लिहावे. आपले निरीक्षक तपासणीस येणार असल्यास कळवण्यात येते, की यापुढे आठवड्यातून एकदा, रूळ वाजल्यानंतर अर्धा तास, अर्जदार गाळ्यात आढळणार नाही.

मुदतीच्या आत सादर.

तूर्त गाळ्यातच बसलेली,
आपली नम्र अर्जदार
(सही)

दिनांक: नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी.

सोबत:
१. नोटीस व स्मरणपत्राच्या प्रती.
२. अर्धी दाढी झालेल्या मास्तरांचा जबाब.
३. लिपिकसाहेबांनी दिलेला टाइप केलेला जबाब, सहीविना परत.