शामकलाची आठी

केशोरी, ३ मार्च २०२५

चि. प्रेरणास शामकला मावशीचे अ. उ. आ.

आपल्या किराणा दुकानात फोन सगळ्यायच्या हाती राहते, म्हणून पत्र लिहून राहिली. इकडच्या प्रतापगडच्या यात्रेत बांगडीवाल्यानं माझ्याकडे पाहून तुझ्या मावसाजीले विचारलं, आईसाठी कोणत्या दाखवू म्हणून. हे नुसते हसले, बायको आहे म्हणून सांगितलंच नाही. वरून घरी येऊन सगळ्यायले तेच सांगून राहिले. मी त्यायच्याहून लहान आहो ना बाई!

भुवयांमधल्या आठीनं घात केला. दिवाळीपासून पेप्टाइडची क्रीम चोपडून राहिली. कातडी नरम झाली, आठी जशीच्या तशी. आता आठी घालवणाऱ्या सुईचं ऐकलं. तू फार्मसी शिकली, खरं काय ते सांग. हसू नको.

तुझी वाट पाहणारी,
मावशी

नागपूर, ११ मार्च २०२५

ती. मावशीस प्रेरणाचा सा. न. वि. वि.

हसू नाही, मावसाजींचा राग आला. क्रीम खोटी नाही, पण तिची धाव वरवरच्या कातडीपुरती. महिनोन्महिने लावली तर बारीक रेषा जराशा कमी दिसतात. तुझी आठी मात्र स्नायू ओढला गेल्यानं पडते. सुईतलं औषध तो स्नायू ढिला करतं. फरक आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो, तीन-चार महिन्यांनी उतरतो. मग पुन्हा सुई. औषध भलतीकडे पसरलं तर पापणी लोंबू शकते, म्हणून पार्लरात मुळीच नको, त्वचेच्या डॉक्टरकडेच जा.

अन् स्वतःसाठी करायचं तरच कर. मावसाजींना अक्कल येईल असं औषध आमच्याकडे नाही.

माया असू दे,
प्रेरणा

केशोरी, २० एप्रिल २०२५

चि. प्रेरणास अ. उ. आ.

मुर्रीले नणंदेकडे जाते म्हणून निघाली अन् गोंदियात डॉक्टरीणबाईकडून सुई घेऊन आली. आठी गेली. पण मावसाजीच्या नजरेत काही आलं असेल तर शपथ!

परवा जेवताना त्यायनं पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, आता दुकानाच्या गल्ल्यावर त्यायचे धाकटे भाऊ ओमेश बसतील, हिनं घरी आराम करावा. लग्नापासून गल्ला मी सांभाळून राहिली अन् मले विचारलं बी नाही! आतून नुसती जळून राहिली होती, पण सुईनं कपाळावर आठी पडेना. तर हे पाहुण्यायले म्हणतात, पाहा, हिच्या कपाळावर एक आठी नाही, हिले मंजूर आहे.

मग तोंडच उघडावं लागलं. सगळ्यायसमोर सांगितलं, मंजूर नाही, गल्ला सोडणार नाही. बांगडीवाल्यासमोर हसले ते मले किती लागलं, तेही सांगितलं. ओमेशभाऊ ताट सोडून उठले. तेव्हापासून घरात अबोला आहे.

पुन्हा सुई घ्यायची का, ठरवलं नाही. गल्ल्यावर बसूनच लिहून राहिली. गिऱ्हाईक आलं, थांबते.

आठवण ठेवजो,
मावशी