लाल नको, पांढरी

३ मार्च
तिसरं शोरूम झालं. पहिल्या गाडीच्या डिकीत आमचा सगळा संसार मावेल, पण क्लच दगडासारखा. दुसरीत मागे बसलं की गुडघे हनुवटीला! ही तिसरी मला आवडली. पांढरी, साधी, खिशाला झेपणारी. पण ह्यांची नजर तिच्या लाल बहिणीवर — नाव तेच, ठेवण तीच, फक्त इंजिन दांडगं आणि मागे 'स्पोर्ट' लिहिलेलं. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, आता साठीला लाल गाडी! लेक फोनवर हसत सुटली. सातवा महिना आहे तिला. बाळंतपणाला बाबांच्याच गाडीतून जाणार, असं तिने जाहीर करून टाकलंय.

५ मार्च
लाल गाडी चालवून पाहिली. मी मागे. सेल्समन ह्यांच्या शेजारी, तोंडाचा पट्टा चालू. वळणावर बोलणं मध्येच तोडून तो ओरडला, "सर, सायकल!"
ब्रेक कचकन लागला. डावीकडे सायकलवरची बाई पडता पडता वाचली. लख्ख ऊन, रस्ता मोकळा. हे म्हणाले, नव्या गाडीचा अंदाज यायचाय अजून. सेल्समन हसला. पण परत येईपर्यंत हँडब्रेकवरचा हात काढला नाही.

६ मार्च
काही नाही. कुणाकडूनही होतं.

९ मार्च
एकदा लक्ष गेलं की जिकडेतिकडे तेच. ताटात डावीकडची भाजी तशीच राहते. मी न बोलता ताट फिरवून ठेवलं — लगेच खाल्ली. डावा खांदा चौकटीवर आपटतो. दंडावर काळंनिळं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणे दार अरुंद आहे. बावीस वर्षं ह्या घरात राहतोय. दार तेवढंच आहे.

११ मार्च
हट्ट धरला — पांढरीच घ्यायची. कमी जोराची गाडी, म्हणजे बसलाच तर धक्काही कमी, असलं माझं शहाणपण. तोंडाने मात्र म्हटलं, लाल रंग मला सोसत नाही. हे तासभर वाद घालत होते, मग एकदम म्हणाले, "घे तुला हवी ती." बुकिंग करून आलो. माझ्या मनासारखं झालं.

१४ मार्च
आज लॅबमध्ये माझ्या ड्यूटीत ह्यांच्या बसचे जुने कंडक्टर आले, रक्तातली साखर तपासायला. अठरा वर्षं दोघं एकाच गाडीवर. दंडाला पट्टा बांधता बांधता मी गाडीचं सांगितलं. त्यांची मूठ सैल पडली.
"चालवणार कोण, वहिनी?"
मी म्हटलं, हेच की.
मग ते खालच्या आवाजात बोलत राहिले. निवृत्तीला सात महिने होते तेव्हा स्टॉपवर उभी असलेली माणसं ह्यांना दिसलीच नव्हती. प्रवासी ओरडले म्हणून बस वळली. त्याच दिवशी हे डेपोत किल्ली ठेवून आले. घरी मला सांगितलं होतं, पाठ दुखते म्हणून नोकरी सोडतोय. वर्षभर मी त्या पाठीला मलम चोळतेय!
कंडक्टरभाऊ गेल्यावर नळीवर भलत्याच पेशंटचं लेबल लावलं. पहिल्यांदाच. लक्षात आलं म्हणून बरं.

१५ मार्च
सकाळी चहा समोर ठेवला आणि विचारलं. कंडक्टरभाऊंचं नाव घेतलं नाही, पण ह्यांना कळलंच. कप बाजूला सरकवला आणि म्हणाले,
"लाल गाडीला डाव्या आरशात दिवा आहे. बाजूला कुणी आलं की पेटतो, वाजतो. तुझ्या पांढरीत ते नाही."
मी एवढे दिवस समजत होते, ह्यांना मिरवायचंय. मग बोलला का नाहीत, विचारलं.
"काय बोलू? ड्रायव्हर आहे मी. तेवढंच येतं मला."
मला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. दिवा पेटला तरी तो बघायला डावीकडेच बघावं लागेल ना, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

१७ मार्च
डोळे तपासायला तयार झाले! शोरूमला फोन करून गाडी आठवडाभर थांबवली. ह्यांनी चष्म्याची फ्रेमसुद्धा मनात ठरवलीय. लेकीला सांगून टाकलं, बाबा आता साहेब दिसणार. ती पुन्हा हसली. मीही हसले.

२० मार्च
डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. बिघाड डोळ्यांत नाहीच, म्हणाल्या. मेंदूचा स्कॅन करा — उद्या नको, आजच. चिठ्ठी माझ्या हातात दिली, ह्यांच्या नाही.
हे अजून त्यांच्याकडे बघत होते.
"म्हणजे चष्म्याने भागणार नाही?"