खालून येणारा वारा

४ जाने., रवि.
ऊब रंगवायची कशी? मला नाही सांगता येत. घरून निघताना बोटं गारठलेली, आणि जानापाव डोंगराच्या कड्यावर पोचले तर खालच्या दरीतून, निमाडकडून, गरम वारा. शाल काढून ठेवली. वाळलं गवत सगळं चढाकडे झुकलेलं. पिवळा, मग आणखी पिवळा. निळी ट्यूब उघडलीच नाही.

८ जाने., गुरु.
चित्र जमलंय. बहुतेक. प्रदर्शनासाठी मंगळवारपर्यंत द्यायचं. निवडणाऱ्यांत आमचे चित्रकलेचे सरही आहेत. घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे आईच्या मते निवड झालेलीच आहे. जुनी इंदूरच्या आमच्या मोहल्लाभर सांगत सुटलीय.

११ जाने., रवि.
तुकोगंजला सरांच्या स्टुडिओत. चित्रं पाठवण्याआधी सर प्रत्येकाच्या कॅनव्हासवर स्वतःचा ब्रश फिरवतात, आम्ही पाया पडतो. रीतच आहे. माझ्यासमोर थांबले. "बेटा, ही जनवरी आहे की मई? लोक हसतील." आणि ब्रशने माझ्या दरीत निळं धुकं भरलं. सुंदर भरलं, हेच तर...
मीही वाकले. शेजारी उभी वर्गातली पूजा म्हणाली, सरांचा हात लागला, आता तुझं पक्कं.

१२ जाने., सोम.
सकाळपासून चित्र समोर घेऊन बसलेय. धुकं असतं तेव्हा वारा नसतो. आता गवत का झुकलंय, कळतच नाही. बाबांना सांगितलं. "सर बोलले तर ठीकच बोलले असतील. अभी नंबर लागू दे, नंतर काढ मनासारखं."
नंतर म्हणजे कधी?

१३ जाने., मंगळ.
रंग ओलाच होता. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. निळ्याबरोबर माझा थोडा पिवळाही निघाला, मधे कोरा कॅनव्हास दिसतो. तसाच ठेवला.
बाबांनी स्कूटरवर नेलं, मी मागे ओलं चित्र धरून. वाटेत म्हणाले, "सरांना विचारलंस?" नाही म्हटलं. सिग्नलला मान न वळवता, "नीट पकड. हवा भरतेय त्यात."
चित्र जमा केलं. लपवणं बरं नाही, म्हणून बाहेर पायरीवरच सरांना लिहिलं: धुकं मी पुसलं. तिथे खरंच गरम वारा होता. उद्या संक्रांत, तिळगूळ घेऊन येते.
पुन्हा वाचलं नाही. पाठवलं.