पैऱ्याला गेलेला अध्यक्ष

।। श्री ।।
उंब्रज, ता. ८ एप्रिल २०२५

चि. राहीस आक्काचे अ. उ. आ.

फोनवर तुझं निम्मं ऐकू येत न्हाई, म्हणून लिवते. अक्षर वाकडं हाय, मान वाकडी करून वाच. म्हस व्याली, रेडी झाली.

आमच्या मंडळानं जत्रेला फोमच्या गोळ्यांच्या बंदुकांचे सामने काढलेत. गोळी म्हंजे बोटाएवढा मऊ स्पंज. मी पयली गोळी म्हशीवरच झाडली, तिनं कान पण हलवला न्हाई. सगळा आराखडा आपल्या उदयसिंहाच्या संयोगितानं सांगलीच्या कॉलेजातनं करून धाडला. पाच-पाच जणांचा संघ, आडोशाला कडब्याच्या पेंढ्या, गोळी लागली की आपणहून बाहेर, समोरच्यांचा झेंडा पळवला की डाव जिंकला.

मंडळाचा अध्यक्ष वीरधवल, त्यानं आराखडा घेतला आणि वर म्हणाला, पोरींनी गुण मांडावेत, सरबत वाटावं, खेळू नये. माझा ल्योक मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेला, त्यालाबी लेकीनं मातीत सरपटणं शोभत न्हाई म्हणं. पोरीचा आवाज फोनवर एवढासा झाला बघ. मग मी मंडळाला निरोप धाडला, सामने ठरलेत ते उसाचा खोडवा तुटून मोकळं झालेलं रान माझ्या नावावर हाय, पोरी खेळणार नसतील तर उद्या नांगर घालते. त्या रात्री उदयसिंह जेवला न्हाई. मी जेवले.

माया आटू देऊ नकोस.
तुझी आक्का

मेढा, ता. १४ एप्रिल

ती. आक्कास राहीचा शि. सा. न.

रेडीचं ऐकून बरं वाटलं, बाकीचं वाचून पाणी प्याले. आक्का, नात लग्नाची, तुझ्या डोक्यात कुठलं वारं शिरलं? उदयसिंह बाप हाय तिचा. पोरी हरल्या की गाव वरीसभर हसंल. आपल्या पैऱ्यात बरं होतं, आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या; जिचं रान भांगलायचं मागं राहिलं तिच्याकडं सगळ्या जायच्या. खेळात हरलेल्याकडं कोण जातंय? जरा नमतं घे.

रागावलीस तरी लोभातलं काढून घेऊ नकोस.
तुझी राही

उंब्रज, ता. २८ एप्रिल

चि. राहीस अ. उ. आ.

नमतं घेतलं न्हाई. युक्ती मातूर तुझ्याच पत्रातनं उचलली.

मंडळाला म्हटलं, पोरी एकीकडं, पोरं एकीकडं, तीन डाव खेळा, पण पैऱ्यानं. जिंकलेल्यानं पुढच्या डावाला आपला एक गडी हरलेल्याला द्यायचा, गडी हरलेल्यानं निवडायचा. पोरी कुठल्या जिंकतात, असं समजून सगळ्यांनी हसत माना डोलावल्या.

पयला डाव पोरी हरल्या. संयोगितानं बोट केलं ते सरळ वीरधवलाकडं. तोंड बघण्यासारखं झालं गड्याचं. पण पैऱ्याला गेलेला माणूस कामचुकार निघाला तर घराण्याचं नाक जातं, हे त्यालाबी ठावं. ती म्हणाली पेंढीमागं बस, बसला. म्हणाली सरपट, सरपटला. समोरच्या संघातल्या आपल्याच सख्ख्या भावाला त्यानं नेम धरून बाहेर काढलं. दुसरा डाव पोरींचा.

आता गडी निवडायची पाळी पोरांची. एरवी त्यांचं कशात जमत न्हाई, पण पाची जणांची बोटं संयोगितावरच. सरबत वाटणारी पोरगी अशी मागून घ्यावी लागली बघ.

तेवढ्यात बांधावरनं उदयसिंह उठला. मी पण काठी सावरून उभी राहिले, म्हटलं हात धरून न्यायला आला तर आधी माझ्याशी गाठ हाय. तो तिच्याजवळ गेला, म्हणाला, सरपटताना कंबर वर उचलतीस, म्हणून गोळी लागती. आणि जत्रेचा पांढरा सदरा घालून आडवा झाला मातीत. दहा हात सरपटून दाखवलं सुभेदारानं.

तिसरा डाव पोरांनी जिंकला. झेंडा आणला संयोगितानं.

सदरा धुवायला टाकलाय त्यानं. मी धुतला न्हाई. मातीसकट रस्त्याकडंच्या तारंवर घातलाय, गावाला नीट दिसंल असा.

लोभ होता तेवढा असू दे, कमी केलास तर मेढ्याला येऊन भांडून नेईन.
तुझी आक्का