जवळचं पाणी आधी

कराड, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर माणूस खोटं बोलतो, कागदावर लाजतो, हे तुमचंच म्हणणं. म्हणून कागद घेतला. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. गणित, ड्रॉइंग, मेकॅनिक्स, तिन्ही गेले. ड्रॉइंगच्या सरांनी माझी शीट वर्गात उलटी धरली आणि विचारलं, ही सुलट कुठून बघायची? मीही हसले. स्टँडवर तुम्ही लावलेला ‘भावी इंजिनिअर’चा बोर्ड तेवढा उतरवा. आईला सांगू नका.

लोभ आहे तेवढा निकाल बघून कापू नये.

तुमची भाची,
उत्कर्षा


दहिवडी, १५ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास,
केरबामामाचे अनेक आशीर्वाद.

बोर्ड उतरणार नाही! ज्या वस्तीवर पोरीच्या हाती काठी आणि काखेत कोकरू यायचं, तिथून तू मेकॅनिकलला गेलीस. तीन विषय म्हणजे तीन ओढे. माण तालुक्याचे ओढे कोरडेच असतात, ओलांडायचं भय कसलं? गुणपत्रिका कारकून छापतो, आयुष्य नव्हे. बस, गणितं सोडव, रड, पुन्हा बस. सुलाला, तुझ्या आईला, मी काही बोललो नाही. तीच परवा म्हणाली, दादा, पोरगी लय कमी बोलाय लागलीया. शेंगदाण्याचे लाडू एसटीनं पाठवलेत.

लोभ आहेच, रागही आहे. दोन्ही ठेवून घे.

तुझा मामा,
केरबा


कराड, १९ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाच विषय राहिले. दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. मैत्रिणी पुढे जातील, मी वर्षभर घरी बसून नुसत्या परीक्षा द्यायच्या. अभ्यास केला हो मामा, रोज केला. पण यंत्राचे भाग डोळ्यांपुढे फिरतच नाहीत. मला कॉम्प्युटर हवं होतं. तेव्हा एकदा म्हटलंही होतं, हळू.

आज सांगते. कॉलेजांच्या पसंतीची यादी तुम्ही भरलीत. मेंढरं काढली की जवळचं पाणी आधी, म्हणालात, आणि घरापासूनच्या अंतरानं नावं लावलीत. जवळचं नाही मिळालं तर लांबचं आहेच, असं तुम्हाला वाटलं. पण पहिल्या क्रमांकाचं मिळालं की बाकीची यादी तिथेच बाद होते, आणि पहिलं होतं कराडचं मेकॅनिकल. सातव्या क्रमांकावर सांगलीचं कॉम्प्युटर होतं. माझ्याहून कमी गुणांची मुलं तिथे लागली.

मी शेजारीच बसले होते. बोलायला हवं होतं. पण तुमच्यापुढे बोलतं कोण?

राग धरू नये, लोभही सोडू नये.

उत्कर्षा


दहिवडी, २७ जुलै

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद लिहितानाही हात अडतोय.

तुला न सांगता तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. खिडकीपाशी कायदा, समाज, न्याय, सगळं बोललो. आतल्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, दादा, तुमी बोलता लय चांगलं, पण माझ्या हातात काय न्हाई. तीस वर्षं माईक गाजवला आणि एका खिडकीपुढे शब्द संपले.

आता तुझ्या धाकट्या बहिणीची, प्रांजलची, यादी भरायची आहे. काल शाळेत बारावी झालेल्या मुलांपुढे माझं दरवर्षीचं भाषण होतं, कॉलेज कसं निवडावं. माझी चूक सांगायची असं ठरवून गेलो होतो. उभा राहिलो तर पोरं आधीच टाळ्या वाजवत होती. तोंडातून जुनंच बाहेर पडलं. जवळचं पाणी आधी, या वाक्याला तर सभागृह दणाणलं.

प्रांजल पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होती.

फॉर्म परवा सुरू होतो. तिला तूच सांग, मोठ्यानं सांग. मी सांगायला गेलो की भाषणच होतं.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही. उरला असेल तर असू दे.

केरबा