पाटीवरचे चिरंजीव

प्रिय दादा,

'प्रिय' हे रीत म्हणून लिहिलंय, लगेच हुरळून जाऊ नकोस. लढाई संपून एकोणीस वर्षं झाली आणि तू अजून त्या डोंगरावर बंदूक घेऊन बसलायस. परवा एका लाकूडतोड्याच्या पायात गोळी घातलीस. बिचारा सरपण गोळा करत होता, कसला शत्रू नि कसलं काय! चौकीचे नवे साहेब दुकानात येऊन सांगून गेले, की तुला पाठवायचा हा शेवटचा कागद. येत्या पौर्णिमेपर्यंत तू खाली आला नाहीस तर शिपाई वर जातील, आणि ते काही समजूत घालायला जाणार नाहीत. ऐकून बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. मी मशीन चालवतच राहिले. कुणीतरी चालवायला नको?

हो, दुकान मीच चालवते. बाबांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. कापणं, शिवणं, काजं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, सगळं माझ्याकडे. पण दारावरची पाटी काय म्हणते? 'शिंपी आणि चिरंजीव'. चिरंजीवांनी आयुष्यात एक धड तुरपाई केली नाही! मी दोनदा रंगारी बोलावला, दोन्ही वेळा आईनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. वर बाबा दरवर्षी तुझ्यासाठी एक सदरा बेततात. कापड दुकानातलं उत्तमातलं उत्तम, माप तुझं विशीतलं, आणि शिवायचा मात्र मी. माझ्या पाठीला पोक आलं, ते कुणाला दिसत नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

मला टायफॉईड झाला होता तेव्हाची गोष्ट ऐक. आई उशाशी बसून माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, चला, मरता मरता का होईना, आईला माझी माया आली. तर म्हणते कशी, त्याला तिकडे ताप आला तर कोण बघत असेल गं? असा संताप आला, की तापच उतरला. माझ्या लग्नाच्या फोटोतही तिनं स्वतःशेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडायला लावली. फोटोवाला कुरकुरला, तरी ऐकेना. त्यापायी आमचे हे कडेला ढकलले गेले आणि त्यांचा एक कान फोटोबाहेर राहिला. अजून भिंतीवर तसेच आहेत, एककानी. आणि तुझी मोकळी जागा ऐन मधोमध. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तू तर डोंगरावरच जाऊन बसलास, मग तुझ्या साजरेपणाला काय तोटा! मी रोज डोळ्यांसमोर, म्हणून माझं कौतुक नाही. लहानपणी माझ्या बाहुलीचे केस तू कापलेस आणि कात्री वापरली म्हणून मार मला बसला, तिथपासून हेच चाललंय.

'मी येईपर्यंत जागा सोडू नकोस' असं तुला सांगून गेलेले तुझे साहेब केव्हाच वारले. शेवटी शेवटी त्यांनी कपबश्यांचं दुकान काढलं होतं. आणि तू ज्यांच्यावर नेम धरून बसलायस, त्यांच्यातलाच एक आमच्याकडे पॅन्ट सैल करून घ्यायला येतो. पोट सुटलंय त्याचं. लढाईची आठवण त्यालाही नको असते. सगळे घरी गेले रे. एकटा तूच शहाणा.

आता हे एवढं पोटातलं ओकून डोंगरावर कशाला पाठवतेय, ते सांगते. मागच्या खेपेला चौकीच्या साहेबांच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं, 'लाडक्या दादा, तुझ्यावाचून घर सुनं आहे.' शिपायांनी डोंगरावरच्या झाडाला अडकवलेलं ते पत्र तू कोळशानं शेरा मारून पुन्हा तिथेच अडकवलंस: 'माझी बहीण इतकं गोड बोलूच शकत नाही. हे शत्रूचं काम.' साहेबांनी तो कागद हातात दिला तेव्हा आधी मला हसू आवरेना, मग रडू आवरेना. बरोबर ओळखलंस, मेल्या. म्हणून या वेळी आहे तसं लिहिलंय. एवढा जळफळाट कुठल्या शत्रूला जमेल? त्याला सख्खी बहीणच लागते. तेव्हा आता तरी खरं मान. बंदूक तिथेच टाक आणि हात वर करून, दिवसाउजेडी खाली ये. तू वर मेलास तर आई-बाबांच्या डोळ्यांपुढे कायमचा विशीतलाच राहशील, आणि मेलेल्या भावापुढे मी जन्मभर हरत राहीन. मला जिवंत भाऊ हवाय, टक्कल पडलेला, खोकणारा, चुकणारा. ये रे दादा. मला तुझ्याशी भांडायचंय.

तुझीच,
जळकुकडी बहीण